हरणी कशामागे पळते

"अगाई गंऽऽ!"

उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोरच्या गतिरोधकावर ही आरोळी उठली आणि पाठोपाठ लोखंडावर लोखंड आपटल्याचा धाडकन आवाज आला. मी कार्बोरेटर धूत होतो. पेट्रोलचे हात तसेच घेऊन बाहेर आलो. दारात नळ्यांचा एक सांगाडा उभा होता. त्याला चार जाडजूड दातेरी चाकं, मधे एकच सीट, आणि सीटमध्ये शिवाप्पा गवळ्यांची महानंदा, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"मिस्त्री, ह्याचे शॉकप बदलून द्या," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. "कंबर बदलून मिळत न्हाई, न्हाईतर तीच आधी बदलली असती."

तो सांगाडा म्हणजे कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी दगडाधोंड्यांतल्या शर्यतीसाठी बनवलेली ऑफ-रोड गो-कार्ट होती. शर्यत संपली, पोरं पास होऊन नोकऱ्यांना लागली, आणि गाडी भंगारवाल्याकडे आली. तिथून ती शिवाप्पांनी उचलली. कशाला, तर म्हशीपुढं पळवायला.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, तेव्हा सांगून टाकतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडचे गवळी म्हशी सजवून मैदानात आणतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, शिंगांना मोरपिसं बांधतात आणि मग म्हशी पळवतात. म्हशीला हाकायचं नाही, दोर लावायचा नाही, काठी उगारायची नाही. मालक पुढं मोटरसायकल पळवतो, तीही सायलेन्सरची पुंगळी काढलेली, कानठळ्या बसवणारी. फटाके, हलगी आणि हजार माणसांच्या गलक्यातून म्हैस आपल्याच मालकामागं धावत येते. आली तर मालकाची कॉलर ताठ. नाही आली तर पुढच्या पाडव्यापर्यंत त्याला गल्लीतून मान खाली घालून जावं लागतं.

शिवाप्पांची मान कधी खाली गेली नव्हती. पण गोठ्यात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि मोटरसायकलवर टांग टाकणं संपलं. मग त्यांनी ही चार चाकांची गाडी आणली. "ह्येच्यावरनं पडायचं म्हटलं तरी पडता येत न्हाई," असं ते सगळ्यांना सांगत. एक पाडवा त्यांनी निभावला. नंतर त्या सीटमध्ये वाकून शिरणंही जमेना, तेव्हा महानंदा शिरली.

"आणि मधल्यामधी तू कशाला एवढी कंबर मोडून घेतीस?" मी विचारलं.

"मिस्त्री, तुम्हाला ठावं न्हाई? आप्पा समाजाच्या बैठकीत बोलून बसल्यात. ह्या पाडव्याला हरणी माझ्या मागं पळाली, तर कट्ट्यावरची जागा माझी. न्हाई पळाली, तर बसूची."

हरणी ही शिवाप्पांची म्हैस, आणि बसू म्हणजे बसवराज, त्यांचा पुतण्या. माणूस वाईट नव्हता. त्याला म्हशींपेक्षा मोबाइलची जास्त काळजी होती इतकंच. आणि कट्टा म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा. तिथं सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर थांबतं, आणि धार थेट त्याच्या ग्लासात पडते. कोमट, फेसाळ दूध तिथल्या तिथं प्यायचं आणि मिशी पुसत कामाला जायचं. शिवाप्पांचे वडील त्या जागेवर बसले, मग शिवाप्पा बसले. शिवाप्पांना मुलगा नव्हता. गोठ्यातली शेण-घाण, वैरण, धारा, आजारपण सगळं महानंदा बघायची. पण कट्ट्यावर आजवर बाई बसली नव्हती. तिला दोन स्थळं सांगून आली होती. "म्हशी कुठं बांधायच्या?" असं विचारून तिनं दोन्ही परत पाठवली होती. तिला लग्न नको होतं असं नाही, तिला ती जागा हवी होती.

"पण पळते का हरणी?"

"रोज माळावर पळती की. आप्पा म्हणत्यात, ती सांगाड्याच्या आवाजामागं पळती, तुझ्यामागं न्हाई. म्हणू देत. पळाली म्हंजे झालं."

मी गाडी दोन ओंडक्यांवर चढवली आणि खाली वाकलो. चारही शॉकप गेले होते. मागच्यांचं तेल कधीच गळून गेलं होतं. दांडा दाबला तर सायकलच्या पंपासारखा सुखासुखी खाली-वर व्हायला लागला. शॉकपमध्ये खरं काम आतलं तेल करतं. स्प्रिंग उसळते आणि तेल ती उसळी धरून ठेवतं. तेल गेलं की नुसती उसळी उरते, आणि ती बसणाऱ्याच्या मणक्यात शिरते. उजवीकडच्या मागच्या शॉकपचा खालचा डोळा, म्हणजे ज्यातून बोल्ट जातो ते कडं, निम्म्यापर्यंत तडकलेला होता.

"ही घेऊन तू रोज पळवतीस?"

"मग काय वरात काढायची?"

बोल्ट गंजून बसले होते. रॉकेल सोडलं, पान्याला पाईप घालून जोर लावला, काही सुटले, बाकीच्यांची डोकी ग्राइंडरनं उडवावी लागली. नवे शॉकप मोटरसायकलचे घेतले, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत माप जुळवून. नवी रबरं घातली. चांगल्या शॉकपची परीक्षा सोपी असते. गाडी वरून दाबून सोडायची. ती एकदाच वर यावी आणि जागच्या जागी थांबावी. डुलत राहिली तर काम कच्चं. ही गाडी वर आली आणि थांबली. महानंदानं ती गतिरोधकावरून तीनदा इकडून तिकडं नेली. काही आवाज नाही, काही आदळआपट नाही.

"मिस्त्री, गादीवर बसल्यागत वाटतंय," ती म्हणाली, आणि गेली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत दारात उभी. गाडी नव्हती, चालत आली होती, आणि चेहरा रडवेला.

"काय केलंसा मिस्त्री? हरणी जागची हलंना."

"आता म्हशीच्या पोटात दुखत असेल तर त्याला मी काय करू?"

"पोटात काय न्हाई. खाती-पिती, दूध देती. गाडी सुरू केली की माझ्याकडं बघती आणि मान फिरवती."

मला एक खोड आहे. प्रश्न पडला की सुटेपर्यंत अन्न गोड लागत नाही. शेडला कुलूप लावून मी तिच्याबरोबर माळावर गेलो.

शहराबाहेरच्या त्या माळावर शिवाप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत काठी धरून बसले होते. शेजारी हरणी. नाव हरणी असलं तरी ते ज्यानं ठेवलं त्यानं हरीण कधी बघितलं नसावं. काळीभोर, अंगानं भरलेली, कोयत्यासारखी शिंगं आणि एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा चेहरा. महानंदानं गाडी सुरू केली. पुंगळी काढलेल्या इंजिनानं माळ दणाणला. गाडी दगडगोट्यांवरून अलगद तरंगत निघाली. हरणीनं तिच्याकडे बघितलं, एकदा शेपूट हलवली आणि खाली मान घालून गवत शोधायला लागली.

"काय सिकंदर," शिवाप्पा म्हणाले, "चांगली चाललेली गाडी दुरुस्त केलास व्हय रं?"

मला ते लागलं. मी म्हणालो, "आप्पा, इंजिनला हात लावलेला नाही. आवाज तोच आहे."

"मग म्हशीला इचार."

म्हशीला विचारायचं कसं, तर एकेक गोष्ट बदलून. मी हिशेब मांडला. जुने शॉकप कुरकुरायचे. तो आवाज गेला, म्हणून ती ओळखत नसेल. मी एक जुना शॉकप गाडीच्या मागं तारेनं लोंबकळत बांधला. तो खडखडत गेला. हरणीनं ढुंकूनही बघितलं नाही. मग वाटलं, नव्या शॉकपनं गाडी दोन बोटं उंच झाली आहे, तिला ती वेगळी दिसत असेल. स्प्रिंग सैल करून गाडी खाली बसवली. हरणी रवंथ करत राहिली. मग वाटलं, नव्या रबराचा आणि ग्रीसचा वास. मी हरणीचंच ताजं शेण उचलून चारही शॉकपना चोपडलं.

शिवाप्पा एवढे हसले की त्यांना खोकला आला. "नव्या गाडीला सारवण घातलंस व्हय, सिकंदर?"

गाडी गेली, हरणी राहिली. महानंदा मात्र हसत नव्हती. ती गाडीतून उतरली, हरणीच्या गळ्याला हात घालून उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, पाडवा तोंडावर आलाय. मला काय ठावं न्हाई, जुनं होतं तसं करून द्या."

सकाळी मी हत्यारांची पेटी घेऊन माळावरच गेलो. नवे चारही काढले, जुने चारही चढवले. कुठल्याही मिस्त्रीला असलं काम करताना कसं वाटतं ते मिस्त्रीलाच कळेल. महानंदा बसली, गाडी निघाली. धाड, खळ्, धाड. ती सीटवरून वीतभर उडत होती, आदळत होती, हाय हाय करत होती. हरणीनं कान टवकारले, आणि तो काळा डोंगर सुटला. चारही पाय उधळत, शेपूट वर करून ती गाडीमागं अशी धावली की शिवाप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

म्हणजे दोष शॉकपमध्येच होता! पण कशात? आवाजात नाही, उंचीत नाही, वासात नाही. मग उरलं काय? मी डोकं खाजवत बसलो. महानंदा वळून आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"हेच ऱ्हाऊ द्या. नवे तुमचे तुम्ही घेऊन जावा."

मी तिला हाताला धरून गाडीच्या मागं नेलं आणि तो तडकलेला डोळा दाखवला. परवा निम्म्यापर्यंत होता तो तडा आता आणखी पुढं सरकला होता.

"पाडव्याच्या गर्दीत, वेगात, हा तुटला तर गाडी उलटी होणार. तू खाली, आणि मागून हरणी धावत येत असणार. मी तुला यावर बसवणार नाही. माझ्या हातानं तर नाहीच नाही."

"मग कट्टा बसूला द्या म्हणा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "इतकी वर्सं शेणात हात घातले ते कशाला? त्यो मोबाइल बघत धारा काढंल, आणि मी घरात बसून ऐकायचं?"

मला तिचा राग आला नाही, स्वतःचाच आला. एवढी साधी यंत्रातली गोष्ट मला समजेना, याचा. म्हणालो, "एकदा मला चालवू दे. हळूच चालवतो. आत बसून ऐकतो, नक्की काय काय वाजतं ते."

ती बाजूला बाभळीजवळ जाऊन उभी राहिली. मी सीटमध्ये शिरलो. गाडी तीच, जुने शॉकप तेच, आदळणं तेच. माझ्या बरगड्या खिळखिळ्या झाल्या, तोंडातून दोन-चार शिव्याही गेल्या. मागं वळून बघतो तर हरणी जिथल्या तिथं. मी चकित झालो. आता तर काहीच बदललेलं नव्हतं! या विचारात समोरची चर बघायची राहिली. पुढचं चाक तिच्यात उतरलं, गाडी एका अंगावर कलली, आणि मी नळ्या धरून लोंबकळत राहिलो.

"अगाई गंऽऽ! मिस्त्रीऽऽ!"

बाभळीजवळून महानंदा किंचाळली. आणि हरणी धावली. मला वाटलं, संपलं, आता ती माझ्यावर येते. ती माझ्याकडे आलीच नाही. माळ ओलांडून सरळ बाभळीकडे गेली, महानंदासमोर थांबली, आणि धापा टाकत तिच्या खांद्याला तोंड घासायला लागली.

इंजिन बंद पडलं होतं. मी कललेल्या गाडीत तसाच बसलो होतो, आणि मला हसू फुटत होतं. महानंदा हरणीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा हरणीकडे.

मी लंगडत तिच्याकडे गेलो. "तू तिला हाक का मारत नाहीस?"

"आप्पांनी न्हाई म्हणून सांगितलंय. चार बाप्या मान्सांत बाईनं माळावर वरडायचं न्हाई. गपगुमान चालवायची."

"आणि हे अगाई गं?"

"ते कुठं मी वरडतीया? खड्डा आला की ते आपोआप निघतंय."

म्हणजे असं होतं तर. जुन्या शॉकपवर तिला खड्ड्याखड्ड्याला ओरडावं लागत होतं. मी तिला गादीवर बसवलं आणि तिचा आवाज बंद केला. पुंगळी काढलेल्या इंजिनच्या गोंगाटातूनही म्हैस तेवढा एकच आवाज वेचत होती. गाडीचं तिला काही देणंघेणं नव्हतं.

शिवाप्पा खुर्चीत मान फिरवून दुसरीकडेच बघत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, ऐकलंसा न्हवं?"

"मला अलीकडं कमी ऐकू येतंय."

हा माणूस शेजारच्या गल्लीत रेडकू हंबरलं तर कुणाचं ते सांगायचा. मी म्हणालो, "हरणी पोरीच्या आवाजामागं पळती. तिला हाक मारायची परवानगी द्या, बाकी सगळं सुरळीत होईल."

शिवाप्पांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली, ती पायानं पुसली. मग उठता उठता म्हणाले, "गाडीला नवेच शॉकप बसव."

"पण आप्पा, त्यावर तिचा आवाज—"

"बसव म्हटलं न्हवं? जुन्यावर मरंल पोरगी."

आणि काठी टेकत निघून गेले. हो नाही, ना नाही. त्या वाक्याचा अर्थ मी रात्रीच्या जेवणात, शेडमध्ये, रस्त्यात, जाईन तिथं घोळत राहिलो. त्यांना पोरगी जगायला हवी होती, एवढं कळत होतं. ती जिंकायला हवी होती का, ते कळत नव्हतं. नव्या शॉकपवर आवाज आपोआप निघणार नव्हता. काढायचा तर तिनं स्वतः काढायचा, आणि तोही बापाच्या समोर, बापानं नको म्हटलेलं असताना.

मी नवे बसवले. "दाबून बघतीस का?" महानंदाला विचारलं तर तिनं नुसती नकाराची मान हलवली.

पाडव्याला माळ फुलला होता. हलगी वाजत होती, फुगेवाले, भेळवाले, पोराबाळांना खांद्यावर घेतलेले बाप. म्हशी अशा नटल्या होत्या की नवऱ्या मुलींनी लाजावं. बसू केस चापून, गॉगल लावून आपल्या मित्रांत उभा होता. शिवाप्पा समाजाच्या म्हाताऱ्यांमध्ये खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी.

एकेक मोटरसायकल सुटत होती, एकेक म्हैस धावत होती, लोक शिट्ट्या मारत होते. मग महानंदाचं नाव पुकारलं. गर्दीत कुजबुज झाली. तिनं डोक्याला लाल रुमाल बांधला होता. इंजिन गर्जलं, गाडी निघाली. माझं काम मी ओळखतो, गाडी एकदाही आदळली नाही. दगड आला, चाक वर गेलं, खाली आलं, बसणारीला पत्ता नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

हरणी उभी.

गाडी वीस-पंचवीस हात गेली. हरणी उभीच. कुणीतरी ओरडलं, "गाडीत झोपली व्हय गं?" हशा पिकला. बसूचे मित्र शिट्ट्या वाजवायला लागले. बसूनं मात्र गॉगल काढून हातात घेतला होता, तो हसत नव्हता. गाडीचा वेग कमी कमी होत गेला. महानंदानं मागं वळून हरणीकडे बघितलं. मग तिनं गर्दीतून शिवाप्पांना शोधलं. शिवाप्पा जमिनीकडे बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की वाटलं, जाऊन ती काठी हिसकावून घ्यावी.

आणि महानंदानं इंजिन बंद केलं.

हजार माणसं एकदम गप्प झाली. ती सीटमध्ये उभी राहिली, एका हातानं वरची नळी धरली, आणि तोंडाला हात लावून तिनं हाक मारली.

"हरणेऽऽऽ! ये गं माझे बायेऽऽ!"

तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात किंचाळणं नव्हतं, भीती नव्हती. भर दुपारी आई पोरांना जेवायला बोलावते तसा तो होता, फक्त आख्ख्या माळाला पुरेल एवढा. हरणीच्या गळ्यातल्या कवड्या आधी वाजल्या, मग ती दिसली. धूळ उडवत, मोरपिसं हलवत ती सुटली. गाडीपर्यंत पोचली, तोवर महानंदा गाडीतून खाली उडी मारून पुढं पळत होती. अनवाणी, परकराचा ओचा खोचून, हाका मारत. पुढं बाई, मागं म्हैस, मधे ना इंजिन ना पुंगळी. माझी गाडी, माझे नवे शॉकप, सगळं माळाच्या मधोमध तसंच उभं. त्या दोघी गाडीकडे न बघता शर्यतीच्या शेवटच्या निशाणाच्या पलीकडे गेल्या.

आधी कुणाला काय करावं कळेना. मग हलगीवाल्यानं हलगीवर टिपरू मारलं आणि माळ उठला. मी ओरडलो, नाचलो, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. गर्दी ओसरल्यावर म्हाताऱ्यांनी शिवाप्पांना घेरलं. "बोल की शिवाप्पा! पळाली न्हवं?"

"गाडीमागं कुठं पळाली?" एक जण म्हणाला. "गाडी तर मधीच ऱ्हायली. हे धरायचं का न्हाई?"

"सकाळी कळंल," शिवाप्पा एवढंच म्हणाले आणि टेंपोत बसून घरी गेले. महानंदा गाडीपाशी बसून तळव्यातले काटे काढत होती.

भाऊबीजेच्या सकाळी मी ग्लास घेऊन गंगावेशीत गेलो. खरं सांगायचं तर दूध प्यायला नाही, बघायला गेलो. बरेच जण तसेच आले होते. कट्ट्यावर शिवाप्पांच्या जागेत हरणी उभी होती, शिंगांचा रंग अजून ओला दिसावा असा चमकत होता. तिच्या अंगाशी उकिडवी बसून, मांड्यांत कासंडी धरून, महानंदा वाट बघत होती. आजूबाजूच्या म्हशींपाशी गिऱ्हाइकं वाढत होती. तिच्यापाशी अर्धवर्तुळ धरून माणसं उभी होती, हातात रिकामे ग्लास, आणि एकही पाऊल पुढं पडत नव्हतं. रोजची गिऱ्हाइकं, पिढ्यान्‌पिढ्यांची. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी आभाळ. बाईच्या हातचं दूध घरात रोज पिणारी माणसं तिथं लाजत होती. महानंदा खाली बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

मला ते बघवेना. म्हटलं, पहिला मी होतो. ग्लास पुढं करून मी निघालो, तोच पोटरीवर काठीचा टोला बसला.

"मागं सर, सिकंदर. आधी माझा नंबर."

शिवाप्पा होते. धुतलेलं धोतर, पिवळा फेटा, आणि हातात घरून आणलेला पितळेचा पेला. ते पाय ओढत महानंदासमोर गेले आणि गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी उभे राहिले. साठ वर्षांत ते त्या बाजूला कधी उभे राहिले नसतील. त्यांनी पेला पुढं केला. महानंदानं मान वर करून एकदा बघितलं. मग तिनं कास धुतली, आणि धार पेल्यात पडायला लागली. त्या आवाजाशिवाय तिथं दुसरा आवाज नव्हता.

शिवाप्पांनी पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला. मिशीवर फेस तसाच. त्यांनी तो पुसला नाही. मागं वळून, पेला हातात धरून, ते अर्धवर्तुळातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्याच्याकडे बघत तो एक पाऊल पुढं येई. बघता बघता माझ्या मागं रांग लागली.

मग ते पोरीकडे वळले.

"आता हाक मार की गिऱ्हाइकास्नी," ते म्हणाले. "का ती बी मीच मारू?"